झाकली मूठ, सव्वा लाखाचा डॅक

डिजिटल संगीताच्या बाजारात विकण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, ही त्या धंद्याची मूळ अडचण आहे. ऑक्टोबर १९८२मध्ये सोनीने जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर दुकानात मांडला, तेव्हाच ती सुरू झाली. सेकंदाला ४४,१०० नमुने, एकेक नमुना १६ बिटांचा. हा आकडा कुणा नादयोग्याला समाधीत दिसला नव्हता. त्या काळी डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत आणि टेपवरच्या रेघांच्या हिशेबातून तो निघाला. पण निघाला तो पुरेसा निघाला. माणसाचा कान भर तारुण्यात फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले की लहर जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९च्या निबंधात सिद्ध करून ठेवलं होतं. राहिलं काम त्या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करण्याचं. ते करणारा डॅक एके काळी महाग होता. आज फोनला हेडफोन जोडायच्या ॲपलच्या बोटभर तुकड्यात तो मावतो आणि हजार रुपयांच्या आसपास मिळतो. अवजड हेडफोन ओढायला तो कमी पडेल, पण त्याचा गोंगाट आणि विकृती कानाच्या पकडीत येण्याइतकी नसते. अशा परिस्थितीत चाळीस लाखांचा डॅक खपवायचा तर आवाज विकून भागत नाही, शंका विकावी लागते. घरी गाणं छान वाजतंय म्हणून सुखात असलेल्या माणसाला काहीतरी राहून जातंय असं पटवून द्यावं लागतं. या कलेत हा धंदा इतका तयारीचा झाला आहे की कौतुक करावं तेवढं थोडं.

शंकेचं पहिलं भांडवल म्हणजे जिन्याचं चित्र. माहितीपत्रकात एक गुळगुळीत लहर असते, तिच्यावर सीडीचा ओबडधोबड जिना काढलेला असतो आणि शेजारी २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा बारीक पायऱ्यांचा देखणा जिना. प्रत्यक्षात नीट बनवलेल्या डॅकमधून बाहेर पडणाऱ्या लहरीला पायऱ्या नसतातच. ऑग व्हॉर्बिस या ध्वनिफायलींच्या पद्धतीचे निर्माते क्रिस मॉन्टगोमेरी यांनी २०१३मध्ये जुना ॲनालॉग ऑसिलोस्कोप लावून हे चित्रफितीत दाखवलं. आत गेली तशीच गोल लहर बाहेर आली. पण जिना छापायला सोपा आणि समजायला त्याहून सोपा, त्यामुळे तो अमर आहे. जिना पटला की गिऱ्हाईक केबलपर्यंत चढतं. इंटरनेटवरून येणारं गाणं पाकिटांमधून येतं. एखादं पाकीट बिघडलं तर यंत्रं ते आपसांत बोलून पुन्हा मागवून घेतात. आलेली पाकिटं स्ट्रीमरच्या मेमरीत रांगेने बसतात आणि तिथून ती स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर उचलली जातात. ज्यांनी ‘ऑडिओफाइल’ लॅन केबलसाठी पंचवीस-तीस हजार मोजले आहेत त्यांनी गाणं रंगात आलेलं असताना ती खुशाल उपटून पाहावी. गाणं काही सेकंद, कधी तर संपेपर्यंत, चालूच राहतं. केबल फरशीवर लोळत असते आणि तरीही आवाजातली ती सुप्रसिद्ध ‘हवा’, तो ‘काळाभोर पडदा’, सगळं जागच्या जागी असतं. पोस्टमनला जरीचा फेटा बांधला म्हणून पत्रातलं अक्षर सुधारत नाही. यावर विक्रेता सांगतो की प्रश्न आकड्यांचा नाहीच, केबलवरून विजेचा गोंगाट आत शिरतो. तो अडवायला लॅनच्या पोर्टातच छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, आणि त्यातून काही निसटलंच तर ते डॅकच्या तोंडाशी मोजता येतं. याच गोंगाटाच्या नावाखाली सोनीने २०१५मध्ये जपानात ६४ जीबीचं मेमरी कार्ड खास संगीतप्रेमींसाठी काढलं, कमी विद्युत गोंगाटाचं, किंमत साडेअठरा हजार येनच्या आसपास. साध्या कार्डाच्या कितीतरी पट. मात्र ‘मोजून दाखवा’ म्हटलं की गाडी मोजमापावरून उतरते आणि कानावर येते.

‘आकडे बाजूला ठेवा, कानावर विश्वास ठेवा’ हा आक्षेप खरं तर आदराने ऐकण्यासारखा आहे. संगीत शेवटी कानासाठीच असतं, आलेखासाठी नव्हे. अपेक्षा एवढीच की हा आक्षेप घेणाऱ्यांनी तो स्वतः पाळावा. कानावर विश्वास ठेवायचा तर निवाडा एकट्या कानाला करू द्यावा. डोळ्यांनी नाव वाचायचं नाही, बोटांनी जाडजूड ॲल्युमिनियम कुरवाळायचं नाही आणि किमतीची चिठ्ठी आठवायची नाही. दोन्ही यंत्रांचा आवाज काटेकोर सारखा ठेवायचा, कारण अर्धा डेसिबल मोठं वाजलेलंसुद्धा कानाला ‘जास्त चांगलं’ वाटतं. नेमका हा प्रयोग ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरॅन यांनी केला आणि २००७मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापला. एका बाजूला एसएसीडीसारखं उच्च प्रतीचं मुद्रण, दुसऱ्या बाजूला तेच मुद्रण वाटेत सीडीच्या १६ बिट, ४४.१च्या बोळकांडीतून पिळून काढलेलं. कोणतं कुठलं ते ओळखायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती आणि खटाटोप वाचला असता. यावर टीका झाली की त्यातल्या काही एसएसीडींचं मूळ मुद्रणच त्या तोडीचं नव्हतं. ही टीका रास्त आहे. म्हणून लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांचं २०१६चं संकलन पाहावं: १८ अभ्यास, साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या, बरोबर उत्तरं ५२.३ टक्के. प्रशिक्षण दिलेले श्रोते त्याहून बरे, साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फरक आहे, शास्त्राच्या भाषेत तो ठोस आहे, आणि घरगुती भाषेत सांगायचं तर शिकवणी लावून, लक्ष एकवटून, दहातल्या सहा वेळा कळतो. आणि हे सगळं मुद्रणाच्या प्रतीविषयी आहे. लॅन केबल, मेमरी कार्ड वगैरे मंडळी या परीक्षेला बसलेलीच नाहीत.

अशी परीक्षा कधी कधी न ठरवता होऊन जाते, आणि तिचा निकाल जास्त बोलका असतो. कॅलिफोर्नियातली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी मूळ टेपवरून उत्तम एलपी काढण्यासाठी नावाजलेली. डिजिटलचा वाराही न लागलेलं संगीत म्हणून जाणकार त्या शे-सव्वाशे डॉलर देऊन घेत आणि त्यातल्या ऊबदारपणावर पानंच्या पानं लिहीत. ‘थ्रिलर’च्या ४०,००० प्रती एकाच जुन्या टेपवरून कशा निघणार, अशी शंका निघालेली होतीच; जुलै २०२२मध्ये ॲरिझोनातल्या एका रेकॉर्ड विक्रेत्याने या एलपी डिजिटल फायलींवरून निघतात असं जाहीरच केलं. मग कंपनीच्या अभियंत्यांनीच सांगून टाकलं: २०११पासून अनेक एलपींच्या वाटेत डीएसडी, म्हणजे डिजिटल टप्पा, होताच. अकरा वर्षं! इतकी वर्षं झाकली मूठ सव्वा लाखाची होती. ज्यांना सीडीतला ‘डिजिटल खरखरीतपणा’ पलीकडच्या खोलीतून ऐकू येतो, त्या सोन्याच्या कानांना मांडीवर घेतलेल्या तबकडीतलं डिजिटल कळलं नाही. बातमी आल्यावर मात्र काहींना ते लगेच ऐकू येऊ लागलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनीला पैसे परत देऊ करावे लागले. एमक्यूएचं प्रकरण याच्या उलटं. २०१४मध्ये आलेल्या या ध्वनिफायलींच्या पद्धतीत फाइल ‘अस्सल’ असली की डॅकवर निळा दिवा लागे, आणि दिवा लागला की संगीत स्टुडिओतून थेट दिवाणखान्यात उतरल्याची खात्री पटे. २०२३मध्ये मूळ कंपनी प्रशासकांच्या हाती गेली, २०२४मध्ये टायडल या स्ट्रीमिंग सेवेने एमक्यूएऐवजी साध्या फ्लॅक फायली लावल्या, आणि दिवे मालवले. गाण्याचं काही बिघडलं नाही. दिव्याचं वाईट वाटतं.

अजून एक आक्षेप असा की घाईघाईच्या चाचणीत मन दडपणाखाली असतं. खरा फरक महिनोन् महिने ऐकल्यावर मुरतो. मुरत असेल. पण मग हीच मंडळी परीक्षणात ‘प्ले दाबताक्षणी डोळ्यांसमोरचा पडदा दूर झाला’ असं का लिहितात, आणि दुकानात दहा मिनिटांत कार्ड का घासतात? दीर्घकाळ ऐकायला कुणी अडवलेलं नाही. घरातल्या कुणाला तरी महिनाभर गुपचूप यंत्रं अदलाबदल करायला सांगावं आणि रोज वहीत नोंद करावी. इतका साधा, बिनखर्ची प्रयोग लाखो रुपये ओतणारे सहसा करत नाहीत, यातच काय ते आलं. उलट पुरावा म्हणून पत्नीची साक्ष काढली जाते: ‘हिलासुद्धा स्वयंपाकघरातून फरक कळला.’ ही साक्ष मौल्यवान आहे, कारण तिला खरी किंमत सांगितलेली नसते. घरातली एकमेव तटस्थ परीक्षक तीच. उरला शेवटचा बचाव: अहो, हौसेला मोल नाही, लोक लाखांची स्विस घड्याळं नाही का घेत? घेतात, आणि त्यांना कुणी हसूही नये. पण ते घड्याळ मनगटावर बांधणारा असं म्हणत नाही की फोनवर पावणेसात वाजले असले तरी त्याची खोली माझ्या घड्याळात जास्त जाणवते. सुंदर यंत्र सुंदर म्हणून घ्यावं; लोण्यासारख्या गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या डब्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. हरकत आहे ती त्याच्याबरोबर येणाऱ्या भौतिकशास्त्राला.

शिवाय या खरेदीचं वेळापत्रकही पाहण्यासारखं आहे. १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ९६ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात. ते कुत्र्यालाही ऐकू येत नाहीत. घरात वटवाघूळ पाळलेलं असेल तर त्याची चंगळ. आणि ज्या वयात असे डॅक परवडतात त्या वयात बहुतेकांचा कान बारा-चौदा हजार हर्ट्झवर पाटी लावून बसलेला असतो. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. बिटांचाही हिशेब असाच. निवासी भागासाठी रात्री ४५ डेसिबल ही सरकारी मर्यादा. ती पाळली जाते असं घटकाभर धरू, खिडक्या लावू, पंखा बंद करू आणि खोलीतली शांतता ३५वर आणू. तिच्यावर १६ बिटांचे ९६ चढवले तर १३१ डेसिबल होतात, म्हणजे कान दुखू लागतात. २४ बिटांचे १४४ पुरते वापरायचे म्हटले तर दाद द्यायला श्रोता उरणार नाही. एवढं सगळं जमवून ऐकायचं काय, तर तिशीच्या दशकातले अब्दुल करीम खाँ, ज्यांच्या तबकडीत जेमतेम पाच-सहा हजार हर्ट्झपर्यंतचं काही असेल ते आहे, आणि करवतीच्या आवाजासकट आहे. तरीही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, म्हणजे ते पाणी सहा हजारांच्या आतच कुठेतरी असणार. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७मध्ये नासाने व्हॉयेजरवर चढवून ताऱ्यांकडे पाठवली, ती मिनिटाला १६⅔ फेऱ्यांच्या तबकडीवर. सोबत कार्ट्रिज आणि सुई दिली. पॉवर केबल द्यायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

आवाज खरोखर बदलणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्या झाकल्या डोळ्यांनीही ओळखू येतात: मूळ ध्वनिमुद्रण, स्पीकर आणि खोली. १८९५मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की एकेका शब्दाचे पडसाद साडेपाच सेकंद रेंगाळत. वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकाने रात्री जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणल्या, ऑर्गनच्या नळीतून सूर काढला आणि गाद्या वाढवत वाढवत तो विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्या गाद्यांतून ध्वनिशास्त्राचं सूत्र निघालं आणि त्यावरून १९००मध्ये बॉस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड फरशी, सरकत्या काचा, काचेची टीपॉय आणि टीव्हीशेजारी कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर. खर्जातल्या सुरांत दहा-दहा डेसिबलचे उंचवटे आणि खड्डे तिथेच पडतात. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढणं फुकट आहे. जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचं कपाट थोडक्यात येतं. पण सतरंजीला यूएसबी पोर्ट नसतं आणि तिची पुढच्या वर्षी नवी आवृत्ती निघत नाही, म्हणून ती दुकानात मिळत नाही. खोलीला हात लावायचा नाही असं ठरलं की सुधारणेची दिशा उलटी होते: डॅककडून पॉवर केबलकडे, तिथून सॉकेटकडे, फ्यूजकडे, मीटरकडे. जपानमधले काही शौकीन शेवटपर्यंत गेले आहेत. शेजाऱ्यांच्या फ्रिजची वीज आपल्या गाण्यात मिसळू नये म्हणून त्यांनी अंगणात स्वतःचा विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला, खर्च लाखांत. पुण्यात हा अर्ज कधी ना कधी येणारच. महावितरणने तेवढं आत्ताच ठरवून ठेवावं की ही जोडणी घरगुतीत धरायची, वाणिज्यिकमध्ये की कृषिपंपात.