दणदणीत विजय पचविण्याची रीत

पराभव कसा पचवावा याविषयी आपल्याकडे उपदेशाचा तुटवडा कधीच नव्हता. हरलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून अपयश ही यशाची पहिली पायरी असल्याचे त्याला ऐकविणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक मैदानाच्या कडेला हजर असतोच. परंतु तिसऱ्याच डावात भरमसाट आघाडी घेऊन बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलींनी, आणि विशेषेकरून त्यांच्या वडीलधाऱ्यांनी, पुढचा अर्धा तास कसा काढावा, याची लेखी तजवीज कोणत्याही दप्तरात मला आढळली नाही. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या स्टोअरात सगळी नोकरी काढून, नटबोल्टांची आवकजावक ज्या निष्ठेने लिहिली त्याच निष्ठेने आता नातीच्या सॉफ्टबॉल संघाच्या धावा लिहिणारा मी एक निवृत्त कारकून असल्यामुळे, ही उणीव दूर करण्याचा अधिकार आपोआपच माझ्याकडे चालत आला आहे, अशी माझी समजूत आहे. सबब पुढील कलमे.

कलम पहिले : आघाडी कोणत्या खात्यातून आली ते तपासावे.

बाहेरच्या माणसाला १९ हा आकडा दिसतो. वही लिहिणाऱ्याला त्याची फोड दिसते. तिसऱ्या डावापर्यंतच्या आमच्या त्या १९ धावांपैकी बॅटीने मिळविलेल्या धावा मोजून चार होत्या. उरलेल्या धावा, खालून हात फिरवून चेंडू टाकणाऱ्या समोरच्या पोरीचा नेम चुकल्यामुळे फुकट मिळालेल्या पहिल्या बेसच्या, आणि तिच्या कॅचरच्या हातून निसटून मागे भिंतीपर्यंत घरंगळत गेलेल्या चेंडूंच्या होत्या. चेंडूमागे धावणारी मुलगी तो शोधून आणीपर्यंत तिसऱ्या बेसवरची आमची खेळाडू होमला पोहोचून पाणीही पिऊन येई. ज्या संघात पिचर आणि कॅचर या दोन जागा कच्च्या, त्याचा सॉफ्टबॉल तेथेच संपतो. मग उरलेल्या सात जणी कितीही चपळ असोत. म्हणून विजेत्याने छाती फुगविण्यापूर्वी वही मागून पाहावी. वही मी आनंदाने दाखवीन.

कलम दुसरे : हात आखडता घ्यावा, पण तो आखडलेला दिसू नये.

हे कलम सर्वांत अवघड असून मोठ्यांना ते सहसा जमत नाही. आघाडी हाताबाहेर गेली की प्रथम बेस चोरणे बंद करावे. पिचरच्या हातून चेंडू सुटताक्षणी धूम ठोकण्याची मुभा नियमाने दिलेली आहे हे खरे. परंतु मुभा म्हणजे हुकूम नव्हे. कॅचरच्या हातून चेंडू निसटला तरी जागचे हलू नये. फटका बसला तरच पुढे सरकावे, आणि तेही एकेक बेस. एरवी बाकावर बसून शेंगांची टरफले मोजणाऱ्या मुलींना आता आत पाठवावे. सुरुवातीच्या नऊ जणींपैकी कोणी बाहेर गेली, तरी फलंदाजीच्या क्रमातील आपल्याच जागी एकवार परत येण्याची सोय या खेळात आहे, तेव्हा त्यात जोखीम कसलीच नाही. चेंडू सुटण्यापूर्वीच बेस सोडला तर धावणारी बाद ठरते; डाव आवरता घेण्यासाठी काही शहाणे हा नियम जाणूनबुजून मोडवितात. एकदा केले तर सौजन्य, तीनदा केले तर नाटक. मात्र उजव्या हाताच्या मुलीला डावखुरे खेळविणे, किंवा समोर आलेला झेल हसत हसत सोडणे, हे कोणी कदापि करू नये. हरणाऱ्याला दया लगेच कळते, आणि ती पराभवाहून जास्त दिवस टोचते.

कलम तिसरे : नियमाला त्याचे काम करू द्यावे.

सात डावांचा सामना पाच डावांनंतर सात धावांचे अंतर असेल तर तेथेच थांबवावा, अशी तरतूद या खेळाच्या कायद्यात आहे. मैदानावरची मंडळी तिला ‘मर्सी रूल’ म्हणतात. यात कोणाची नामुष्की नाही. टोकियो ऑलिंपिकचा अगदी पहिला सामना, उद्घाटनसोहळ्याच्याही दोन दिवस आधी, २१ जुलै २०२१ रोजी फुकुशिमात झाला, तो सॉफ्टबॉलचाच होता. यजमान जपानने ऑस्ट्रेलियाला ८-१ असे हरविले आणि पाचव्या डावातच पंचांनी खेळ थांबविला. ऑस्ट्रेलियाला जे सोसले ते आमच्या शेजारच्या तालुक्यातून टेम्पोत बसून आलेल्या मुलींनाही सोसेल. असे असता, “एवढ्या लांबून आल्यात, पुरे सात डाव खेळू दे की त्यांना,” असा आग्रह धरणारे एक काका आमच्याकडे आहेत. त्यांचा हेतू उदात्त आहे. त्यांची नात पिचर आहे.

कलम चौथे : विक्रमाच्या नादी लागू नये.

कोल्हापूरचे क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकर डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांवर खेळत होते. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या तत्कालीन विक्रमाशी बरोबरी साधायला अवघ्या ९ धावा उरल्या असता, ४ बाद ८२६ हा फलक पाहून काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, सामना सोडून आपल्या संघासह चालते झाले. लहानपणापासून आम्ही या प्रसंगी ठाकूरसाहेबांनाच दूषणे देत आलो, आणि निंबाळकरांचे ते नऊ अजूनही माझ्या घशाशी अडकतात. परंतु ८२६ धावा होईपर्यंत उन्हात चेंडू आणून देणाऱ्यांचीही काही कैफियत असू शकते, हे मला फार उशिरा सुचले. कल्याणमध्ये जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने नाबाद १००९ धावा करून एकोणिसाव्या शतकापासून अबाधित असलेला ६२८ धावांचा विक्रम मोडला. संघाच्या ३ बाद १४६५. समोरच्या शाळेच्या दोन डावांत ३१ आणि ५२. त्या मुलाचे कर्तृत्व निर्विवाद आहे, त्याचे अभिनंदन साऱ्या देशाने केले आणि ते योग्यच झाले. पण त्या ३१ आणि ५२ धावा ज्यांनी केल्या, त्यांपैकी एकाचेही नाव मला आठवत नाही, तुम्हांलाही आठवत नसेल. मोठ्या विक्रमाला एक समोरची बाजूही लागते, आणि तिची गणना खेळाच्या साहित्यात होते.

कलम पाचवे : क्रियापदे जपून वापरावीत.

विजयाच्या बाबतीत मराठी भाषा अत्यंत रक्तपिपासू आहे. आपण जिंकतो तेव्हा प्रतिपक्षाचा धुव्वा उडतो, त्याला धूळ चारली जाते, पाणी पाजले जाते, त्याचा फडशा पडतो, खुर्दा होतो; आणि आपण हरतो तेव्हा मात्र ‘चुरशीच्या लढतीत’ ‘निसटता पराभव’ होतो, मग अंतर १५ धावांचे का असेना. खो-खोत एक डाव राखून जिंकणारे आणि कबड्डीत लोणावर लोण चढविणारे याच वाणीचे. घरी येऊन मुलीने किती धावांनी जिंकलो एवढेच सांगावे. तेवढे पुरते.

कलम सहावे : सांत्वन करू नये.

कलम सातवे : ग्लोव्हज मैदानातच ठेवून यावे.

हे कलम माझे नव्हे. समोरच्या नऊ जणींत ग्लोव्हज पाच होते. आमची फिल्डिंग संपली तेव्हा आमच्या मुली आपापल्या जागी ग्लोव्हज जमिनीवर ठेवून बॅटिंगला आल्या, म्हणजे त्या जागी येणारीने उचलून घालावे. त्यांना कोणी सांगितले नव्हते. बेस म्हणून आम्ही फौंड्रीची जुनी काळी वाळू पोत्यांत भरून ठेवतो. तिने माखलेले ते ग्लोव्हज सबंध सकाळ या हातातून त्या हातात फिरत होते, आणि वहीत त्यासाठी रकाना नसल्यामुळे मी काहीच लिहिले नाही.

कलम आठवे : वडीलधारी मंडळी.

येथवरचे मार्गदर्शन खेळाडूंसाठी लिहिले, ते सर्व व्यर्थ आहे, हे कबूल करणे भाग आहे. आमच्या १९ धावा झाल्या होत्या. माझ्यातील स्टोअरकीपराला एकोणीस हा आकडा सहन होत नाही. पेटीत एकोणीस नग आले की विसावा कोठे गेला, हे विचारण्यात माझी हयात गेली. चेंडू पुन्हा एकदा भिंतीपर्यंत घरंगळला, आणि मी खुर्चीवरून उठून, तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, “पळ! अजून एक! वीस कर!”

तिसऱ्या बेसवर माझी नात होती. तिने माझ्याकडे पाहिले. मग कमरेवर हात ठेवून, काळ्या वाळूच्या पोत्यावर पाय रोवून ती उभीच राहिली. समोरची कॅचर चेंडू घेऊन परत आली, हेल्मेटच्या जाळीआडून तिने नाक पुसले, आणि खेळ पुढे चालू झाला. मी वहीत ‘धावण्यात हयगय’ असा शेरा मारला.

तो शेरा घरी वाचला गेला. “आज्जा,” नात म्हणाली, “पुढच्या टायमाला तुम्ही वही इथंच ठेवा, आणि त्या चिंचेखाली बसा की.”

हल्ली मी तेथेच बसतो. चिंच मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, कंपाउंडपाशी आहे. तेथून धावफलक वाचता येत नाही आणि ओरडले तर वाऱ्याने आवाज परत आपल्याच अंगावर येतो. पिचरवाले काकाही गेल्या आठवड्यापासून येऊ लागले आहेत. मुले-नातवंडे जिंकू लागलेल्या इतर सज्जनांनीही संकोच न करता यावे. सावली ऐसपैस आहे. येताना बसायला काहीतरी आणावे, जमीन ओबडधोबड आहे.