पाच मिनिटांवरचे काका

चाळीतली खोली विकून बदलापूरला रो-हाऊस घेतलेल्या माणसाला घड्याळाचं वावडं असतं. त्याचं जग पाच मिनिटांत मावतं. आमचे एक काका गिरगावातून उठून कात्रपच्या बाजूला राहायला गेले, तेव्हापासून त्यांना सहावं मिनिट माहीत नाही. स्टेशन पाच मिनिटांवर, शाळा पाच मिनिटांवर, दवाखाना तर पाचसुद्धा नाही. यात रिक्षाची रांग धरायची नसते. फाटक्या छत्रीनिशी अर्धा तास रांगेत उभं राहून, मग ड्रायव्हरशेजारी एका कुल्ल्यावर बसून मी पोचलो, तर काका दारातच: "बघ, आलास की नाही पाच मिनिटांत?"

मुंबई इथून 68 किलोमीटर. काका हा आकडा उच्चारत नाहीत. "गाडीत बसलं की सीएसएमटी," एवढंच सांगतात. बसायला मिळतं का, हा प्रश्न ते ऐकत नाहीत.

मग घर दाखवण्याचा कार्यक्रम. खाली हॉल-किचन, वर दोन बेडरूम, पुढे 'गार्डन'. गार्डनमध्ये तुळस, कढीपत्ता, इन्व्हर्टरची बाद बॅटरी आणि एक जांभळाचं रोप. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, हे काकांनी त्या रोपाकडे बोट दाखवून असं काही सांगितलं, की मानांकन त्यालाच मिळालं असावं. "फळ धरलंय का?" मी विचारलं. "धरेल. नाव तर झालं!"

गच्चीवर नेऊन त्यांनी मला दिशा वाटून दिल्या. तिकडे चंदेरीचा किल्ला, तिकडे कोंडेश्वरचा धबधबा, पलीकडे बारवी धरण. सगळं पाच मिनिटांवर.

"धरण जवळ, म्हणून नळाला पाणी एक दिवसाआड," काकू जिन्यातून म्हणाल्या. काकूंना दम लागला होता. चाळीत त्यांना जिना चढून बेडरूममध्ये जावं लागत नसे.

रात्री लाइट गेली. काकांनी तीही सोयींत जमा केली. "गिरगावात कधी चांदण्या दिसल्या होत्या तुला?" आकाशात ढग होते, पण मी मान डोलावली. काकांपुढे मान डोलावणं सोपं पडतं.

तरी एकदा चिडून म्हणालोच, "काका, लांबच्या गाड्या कुठे थांबतात इथे?"

"का नाही? महालक्ष्मी एक्स्प्रेस थांबली होती की! 2019 च्या जुलैत."

थांबली होती, हे खरंच. उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि गाडी बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकून पडली. हजारावर प्रवाशांना सोडवायला एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टरं आली. "नौदल घराजवळ आलेलं पाहिलंयस कुठे? कुलाब्यात राहणाऱ्यांनासुद्धा गेटवेपर्यंत चालावं लागतं," काका म्हणाले. यावर काय बोलणार?

सकाळी निघालो तर काकाही पिशवी घेऊन तयार. गिरगावात कटिंगला निघाले होते.

"कोपऱ्यावर सलून आहे ना?"

"आहे की, एसी आहे. पाच मिनिटांवर." पिशवीत डबा आहे का ते चाचपत काका पुढे म्हणाले, "पण मेला तिथे नंबरच लावावा लागत नाही रे. गेलं की खुर्ची. गिरगावात कसं, बाकावर तास-दीड तास बसायला मिळतं. सगळे भेटतात."