साडूंचा रविवार

आमचे साडू हिंजवडीत मॅनेजर आहेत. नक्की काय करता, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "टीम सांभाळतो." टीमला विचारायची सोय नाही, ती साडूंना सांभाळण्यात गुंतलेली असते.

गेल्या श्रावणात त्यांच्याकडे सत्यनारायण होता. रविवार. साडू सोवळं नेसून पाटावर, उजव्या हातात पळी, डाव्या कानात इअरबड. गुरुजी म्हणाले, "नाव, गोत्र सांगा." साडू म्हणाले, "नेक्स्ट स्लाइड." गुरुजी त्याच भागातले, सरावलेले. त्यांनी गोत्र मेव्हणीला विचारलं.

मिंट्झबर्ग नावाचे कॅनडाचे प्राध्यापक पाच बड्या साहेबांच्या मागे आठवडा-आठवडा फिरले आणि १९७३ साली त्यांनी पुस्तक लिहिलं. साहेबांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत उरकत होती! आमच्या गुरुजींना एका अध्यायाला तेवढी लागतात, पण त्यांना कधी 'बर्नआउट' झाल्याचं ऐकिवात नाही.

२०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तास सुचवले. २०२५ मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० वर गेले, वर घरी बायकोकडे बघत किती वेळ बसणार, असंही म्हणाले. मेव्हणीचं म्हणणं, आधी एकदा बघून तर दाखवा.

साडू रविवारीही कामात असतात, त्याचं खरं कारण तासांत नाहीच. ऑफिसात बावीस माणसं साडूंना विचारल्याशिवाय रजा घेत नाहीत. घरात त्यांना विचारून कुणी कुकरसुद्धा लावत नाही. नाताळात क्लायंट सुट्टीवर गेला की त्यांचं डोकं दुखतं.

१९४८च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, ती कामगारांना. साहेब त्यात बसत नव्हता. बसवला असता तरी उठून गेला असता. रविवारची सुट्टी तर त्याच्याही आधीची. नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून मागत राहिले, तेव्हा १० जून १८९० ला ती मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पदरात पडली. साडूंनी ती 'ॲक्सेप्ट'चं एक बटण दाबून परत केली.

आरती झाली, प्रसाद झाला. मीटिंग सव्वाबाराला संपली. एवढं काय होतं, मी विचारलं.

सोमवारच्या मीटिंगची तयारी होती.