केसिंग चांगली आहे

वाटूर फाट्यावर चार तऱ्हेची माणसं भेटतात. गाडीची वाट पाहणारी, गाडी चुकलेली, गाडी बंद पडलेली आणि मामा. पहिल्या तिन्ही तऱ्हा तासा-दोन तासांत जालना, मंठा नाहीतर परतूरच्या रस्त्याला लागतात. मामा तिथंच असतात. पंक्चर आणि रिमोल्ड टायरचं त्यांचं दुकान आहे. बाहेर जुन्या टायरांची उतरंड, आत खोकणारा कॉम्प्रेसर, आणि दाराशी ट्रकचं एक टायर आडवं टाकून त्यावर फळी ठेवून केलेली मामांची बैठक. सकाळी साताला ते तिच्यावर बसतात. मग उठतात ते जेवायला, नाहीतर वाद अंगावर आला तर.

खरं नाव आधारकार्डावर असेल. फाटा त्यांना मामा म्हणतो, ट्रकवाले मामा म्हणतात, संभाजीनगरला शिकणारा सख्खा नातूही मामाच म्हणतो. पाठीमागं मात्र त्यांचं नाव ‘रिटर्न मामा’. कारण जगात कुणालाही, कुठूनही काढून टाकलं की मामांचं म्हणणं एकच असतं: त्याला परत घ्या.

हे म्हणणं दयेतून येत नाही. दयाळू माणसं वेगळी दिसतात आणि पंक्चरचे पैसे कमी घेतात. मामांचा तो हिशेब आहे. त्यांच्या मते नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्याचे दोष अजून कुणाला ठाऊक नसतात, आणि लोक या गुणाचेच पैसे मोजतात. उलट जुना, पडेल माणूस स्वस्तात मिळतो, त्याचे दोष आधीच मोजलेले असतात, आणि एकदा हाकललेला असल्यामुळं तो दबून काम करतो. गावातल्या एका लग्नात आचाऱ्यानं वरण असं लावलं की वऱ्हाड दह्यावर जेवलं. पुढच्या वर्षी त्याच घरात धाकट्याचं लग्न निघालं, तेव्हा मामांनी त्याच आचाऱ्याची शिफारस केली. “आता तो वरणाच्या भगुन्याजवळून हलायचा नाही,” म्हणाले. त्यांचं ऐकलं गेलं. आचारी खरोखर वरणाजवळून हलला नाही. भात करपला.

मामा खचले नाहीत. “बघा, वरण कसं झालं होतं?”

धंदाही त्यांच्या स्वभावाला शोभणारा. गुळगुळीत झालेलं टायर ड्रायव्हर भंगारात टाकायला निघतो, तेव्हा मामा त्याच्या कडेकडेनं हात फिरवतात, आत डोकं घालून तारा निघाल्यात का ते बघतात, आणि निकाल देतात: केसिंग चांगली आहे. म्हणजे टायरचा आतला सांगाडा शाबूत आहे. वरचं रबर झिजलं तर झिजलं, ते नवं चढवता येतं. माणसाचंही मामांच्या मते असंच. धावा, गोल, विकेटी हे सगळं वरचं रबर. अडचण एवढीच की टायरची केसिंग हात लावून कळते आणि माणसाची फक्त मामांना कळते. आजवर एकाही माणसाची केसिंग गेलेली त्यांनी पाहिलेली नाही.

यामागं काही जुनी जखम असेल असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. तरुणपणी कबड्डीच्या संघातून काढलं असेल, कुणी परत घेतलं नसेल, असं काहीतरी. खोदून विचारलं. तसं काही नाही. मामा आयुष्यात कुठलाच खेळ खेळलेले नाहीत. विटीदांडूसुद्धा त्यांनी बाजूला बसून पाहिला आहे.

त्यांचा पेटंट साक्षीदार म्हणजे केदार जाधव. २०२३ची आयपीएल चालू होती. त्या लिलावात केदारला कुणी घेतलं नव्हतं, आणि तो मोबाइलवर सामन्यांचं मराठी समालोचन करत होता. दुकानात तेच लावलेलं असे, कारण मामांच्या मते हिंदी समालोचक कॉम्प्रेसरशी स्पर्धा करतात. मेच्या पहिल्याच दिवशी बातमी आली की बंगळुरूचा डेव्हिड विली जखमी झाला, त्याच्या जागी केदारला घेतलं, १ कोटी रुपयांना. ज्या संघाकडून तो २०१६ आणि २०१७ला खेळला होता, त्याच संघात. काल ज्याचा आवाज ऐकत लोक चहा पीत होते, तो आज पॅड बांधायला गेला! जालन्याच्या भट्ट्यांना भंगार घेऊन निघालेले तीन ट्रक तेव्हा दुकानासमोर उभे होते. त्या तिन्हींत मामांनी फुकट हवा भरून दिली.

“दिल्लीनं सोडला, दिल्लीनंच परत घेतला. बंगळुरूनं सोडला, बंगळुरूनंच परत घेतला,” मामा बोटांवर मोजून सांगतात. “हे एवढे मोठे शेठ लोक काय येडे हैत?”

याला उत्तर द्यायला फाट्यावर एकच माणूस उठतो, तो त्यांचा सख्खा भाचा. मामांना मामा म्हणायचा कायदेशीर हक्क असलेला हा एकुलता एक इसम वाटूरच्या टेनिस बॉल टीमचा कॅप्टन आहे आणि मोबाइलमध्ये स्कोअरचं ॲप बाळगतो. तो शांतपणे सांगतो की चेन्नईनं ७ कोटी ८० लाख मोजून घेतलेल्या याच केदारनं २०२०मध्ये ८ सामन्यांत ६२ धावा केल्या होत्या, आणि बंगळुरूनं परत घेतल्यावर अख्ख्या मोसमात १२. “एका रनेला आठ लाख तेहतीस हजार पडले, मामा.”

“नाबाद बारा,” मामा म्हणतात. “वानखेडेवर. नाबाद हे कामून सांगत नाहीस?”

मग ते २०१८च्या पहिल्या सामन्यावर येतात. मुंबईविरुद्ध मांडीचा स्नायू धरून केदार आत गेला होता, नऊ गडी बाद झाल्यावर लंगडत परत आला, शेवटच्या षटकात एक षटकार, एक चौकार, आणि चेन्नई एका गड्यानं जिंकली. मामा हे सांगताना ‘परत आला’ या दोन शब्दांवर इतका वेळ थांबतात की तेवढ्यात एक ट्यूब तपासून होते. त्या सामन्यानंतर दुखापतीमुळं तो पुरता मोसम खेळूच शकला नाही, हे भाचा सांगतो. पण तेव्हा नेमका कॉम्प्रेसर चालू झालेला असतो. तो कोण चालू करतं हे सगळ्यांना माहीत आहे.

या दोघांची खरी जुंपली ती सिक्सरवरून. सिक्सर हे अर्थात टोपणनाव. एके काळी हा पोरगा हरभरा निघालेल्या रानात उभा राहून चेंडू डांबरी रस्त्यापलीकडं मारायचा. आजूबाजूच्या गावांत त्याचं नाव झालं, तसा परतूरच्या एका टीमनं त्याला बूट आणि सामन्यामागं रोख देऊन उचलला. वाटूरनं त्याला बरंच भलंबुरं म्हणून घेतलं. तीन उन्हाळे गेले. पोट सुटलं, डोळा मंदावला, परतूरवाल्यांनी बूट राहू दिले आणि माणूस सोडला. आता तो फाट्यावर येऊन चहाच्या टपरीवर बसायचा, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचा की आपण सध्या मोकळे आहोत.

पुढाऱ्याच्या वाढदिवसाची स्पर्धा तोंडावर आली होती. रात्री दुकानात बैठक बसली. आतापर्यंत बाहेरून आणलेल्या कुठल्याही नव्या खेळाडूसाठी अशी बैठक बसली नव्हती, तो फोनवर ठरायचा. जुन्या माणसासाठी मात्र पंधरा जण जमले आणि प्रत्येकाकडं त्याच्याबद्दल एकेक आठवण होती, त्यातल्या बहुतेक उसनवारीच्या.

भाच्यानं ॲप उघडलं. शून्य, चार, एक, शून्य.

“चार कुठं मारला?” मामांनी विचारलं.

“चौकार नाही मामा, पळून चार. ओव्हर थ्रो.”

“मंग पळतो म्हन की!”

मामांनी केदार काढला. जानेवारी २०२३मध्ये रणजीत आसामविरुद्ध त्यानं २८३ केल्या होत्या. संपला संपला म्हणणारे तेव्हा कुठं होते? मग जालन्याचा अभिमान म्हणून विजय झोल काढला. त्यानं २०११ला नाशिकमध्ये कूचबिहार करंडकाच्या सामन्यात नाबाद ४५१ काढल्या, त्याही आसामविरुद्ध. झोल तेव्हा संपला नव्हता आणि त्याला परत घ्यायचा प्रश्नही नव्हता, त्यामुळं तो या वादात का आला हे कुणाला कळलं नाही. पण जालन्याचं नाव निघाल्यामुळं सगळ्यांनी माना डोलावल्या.

भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही आसामची टीम बोलवा. मी सिक्सरला ओपनिंगला धाडतो.”

इथं वाद संपायला हवा होता. मी मनातून भाच्याच्या बाजूचा होतो, अजूनही आहे. अकरा जणांची टीम म्हणजे अन्नछत्र नव्हे. पण सुट्टीवर आलेल्या नातवाला मध्येच बोलायची हुक्की आली. तो रात्री-अपरात्री जागून इंग्लंडचा फुटबॉल बघतो, आणि मामांच्या विरोधात पुरावा सापडल्याच्या आनंदात त्यानं पॉल पोग्बाची गोष्ट सांगितली. मँचेस्टर युनायटेडनं पोग्बाला २०१२मध्ये फुकट जाऊ दिलं. तो इटलीत युव्हेंटसकडं गेला, तिथं मोठा झाला. २०१६मध्ये त्याच मँचेस्टरनं त्याला ८ कोटी ९० लाख पौंड मोजून परत आणला. तोवर कुठल्याही खेळाडूसाठी कुठल्याही क्लबनं एवढे पैसे मोजले नव्हते. सहा वर्षांनी परत फुकट सोडला. मग युव्हेंटसनं त्याला परत घेतला. तिथं गुडघा गेला, नंतर उत्तेजकाच्या चाचणीत सापडला, बंदी आली, आणि शेवटी नोव्हेंबर २०२४मध्ये दोघांनी मिळून करार मोडला.

दुकानात शांतता झाली. एवढा ‘परत’ एका माणसाच्या वाट्याला आलेला मामांनीही ऐकला नव्हता.

“म्हंजी स्वतःच सोडायचा, अन् स्वतःच इकत घ्यायचा?” कुणीतरी म्हणालं.

आणि हळूहळू सगळ्यांच्या माना दुकानाच्या कोपऱ्याकडं वळल्या. तिथं मामांचा पंक्चरवाला पोरगा टायर लिव्हरशी झटत बसला होता. हा पोरगा दरवर्षी दिवाळीला बोनस घेऊन मंठ्याच्या दुकानात जातो. होळीच्या सुमाराला मामा स्वतः मोटरसायकलवर मंठ्याला जातात आणि महिन्याला हजार वाढवून त्याला परत आणतात. हे किती वर्षं चाललंय ते मामींना विचारावं. त्याला काम सगळ्यांपेक्षा जास्त येतं असंही नाही. पण मामांच्या मते त्याचीही केसिंग चांगली आहे.

पोरगा आतापर्यंत ऐकत नसल्यासारखा होता. त्यानं लिव्हर खाली ठेवला आणि नातवाला विचारलं, “दादा, ते नव्वद लाख का काय पौंड म्हंजे आपले किती?”

“तू हवा भर,” मामा म्हणाले.

नातवाचा पुरावा असा उलटा पडला. पोग्बाच्या गोष्टीतून मामांनी एकच गोष्ट उचलली: मँचेस्टर, युव्हेंटस आणि आपण, तिघंही परत घेणारे. त्या पंगतीत बसायला मिळाल्यावर मागं हटण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय टीमची जर्सी मामांच्या पैशातून व्हायची होती. भाच्यानं ॲप बंद केलं. सिक्सर आत आला. तो दाराबाहेरच उभा होता, हे त्याच्या लगबगीवरून कळलं.

पहिल्या सामन्यात पहिल्याच चेंडूवर त्यानं बॅट फिरवली. चेंडू डोक्यावर सरळ वर गेला, इतका वर की खाली येईपर्यंत यष्टिरक्षकानं ग्लोव्हजही नीट केले. दुसऱ्या सामन्यात तो धावबाद झाला. धावबाद होणं ही फलंदाजाची चूक नसते, असं मामांनी सांगितलं. समोरचा फलंदाज जागचा हलला नव्हता आणि सिक्सर त्याच्याजवळ जाऊन उभा होता, हे बघितलेले लोक गप्प बसले.

उपान्त्य सामन्याच्या आदल्या दिवशी समालोचकाचा घसा बसला. आमच्याकडं स्पर्धेत पंच नसला तरी चालतो, माइकवर माणूस लागतोच. देणगीदारांची नावं कोण घेणार? भाच्यानं माइक सिक्सरच्या हातात दिला. त्यात थोडी खोडी होती, थोडी सुटकाही. आणि सिक्सर सुटला. कोणता क्षेत्ररक्षक कडक उन्हात कॅच सोडतो, कोणाची बॅट उसनी आहे, परतूरचा कोणता गोलंदाज घरून भांडून आलाय, हे त्याला सगळं माहीत होतं. तीन वर्षं बाकावर बसून माणूस हेच शिकतो. मोसंबी घेऊन चाललेल्या पिकअपा रस्त्याकडेला थांबल्या. देणगीदारांनी आपलं नाव परत एकदा घ्यावं म्हणून परत एकदा देणगी दिली. भाचा खूश होता. टीमही बरी झाली होती आणि सिक्सरही बरा जमला होता.

मामा मंडपात येऊन माइकच्या शेजारी बसले. भाच्याला वाटलं, कौतुकानं बसलेत.

“केदारला कुठून उचलला होता रे?” मामांनी सहज विचारलं.

भाच्यानं मैदानाकडं पाहिलं. वाटूरचे सात गेले होते, नऊ चेंडू, अठरा धावा. धाव पूर्ण करताना एकाचा पाय ढेकळात मुरगळला आणि तो खाली बसला. पाणी घेऊन दोघं पळाले. मामा फळीवरून उठतात तसे खुर्चीवरून उठले. भाचा पॅड बांधायला दुसरा कोण मोकळा आहे ते शोधत होता, तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला:

“अन् आता प्रेक्षकहो, वाटूरच्या डावाला सावरायला मैदानात येत आहे... एक मिनिट, हा माइक धरा कुनीतरी.”