सोवळ्यातली हार्प

जगात सगळ्यांत जास्त सोवळं कुठल्या वाद्यानं पाळलं असेल, तर ते हार्पनं. चित्रांत ती देवदूतांच्या हाती असते, नाहीतर दावीद राजाच्या. प्रत्यक्षात भेटते ती मोठ्या हॉटेलच्या कोपऱ्यात किंवा श्रीमंताघरच्या लग्नात, आणि मागे पायघोळ काळ्या झग्यातल्या एक गंभीर बाई असतात. ऑर्केस्ट्रातल्या पेडल हार्पला 47 तारा, 7 पेडल आणि पस्तीस-चाळीस किलोंचं वजन. आपल्याकडेही हे गोत्र राजवाड्यातलंच. नाण्यावरचा समुद्रगुप्त जी वीणा वाजवत बसलाय, ती धनुष्यासारखी वाकलेली, म्हणजे हार्पच्याच कुळातली. एकूण काय, चार लोकांत बसून कधी शिवाशिव झालेली नाही.

उलट फिडल. दिसायला व्हायोलिनच, पण अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या शेतकऱ्यांच्या आणि खाणकामगारांच्या हाती पडलं आणि त्याची चाल बदलली, चालीही बदलल्या. दक्षिणेतल्या कर्मठ चर्चवाल्यांनी त्याला सैतानाची पेटी ठरवलं, कारण ते वाजू लागलं की माणसं नाचायला लागत. काही फिडलवाले आपल्या वाद्याच्या पोटात रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा ठेवत. कुणी म्हणे त्यानं नाद सुधारतो, कुणी म्हणे उंदीर येत नाहीत. आणि चालींची नावं? ‘क्लक ओल्ड हेन’, ‘लेदर ब्रिचेस’, ‘ड्रंकन हिकप्स’. एक कोंबडीची, एक चामड्याच्या तुमानीची, एक दारुड्याच्या उचकीची.

या चाली मी हार्पवर वाजवते. पेडलच्या नव्हे, लिव्हरच्या छोट्या हार्पवर. पण आईला फोनवर तो फरक पटत नाही. “अगं, एवढं थोरलं वाद्य घेतलंस,” ती म्हणाली, “आणि वाजवतेस काय, तर कोंबडी!”

कोंबडी वाजवणं सोपं नाही, हे तिला कसं सांगावं? फिडलचा गज एकाच वेळी दोन तारांवरून फिरतो. एका तारेवर चाल धावते, शेजारची तार षड्ज किंवा पंचम धरून बसते. त्यात गजाचा तो ठेका, एक लांब आणि दोन आखूड, ज्यावर ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलू लागतो. तोच स्वर चार वेळा हवा असेल तर फिडलवाला मनगट हलवतो, झालं. हार्पवर तीच तार पुन्हा छेडायची तर आधी तिच्यावर बोट ठेवावं लागतं, आणि बोट ठेवलं की आधीचा स्वर तिथेच मरतो. म्हणून बोटं बदलत राहायचं. तीही दोन्ही हातांची चार-चारच. हार्पवादनात करंगळीला काम नसतं, ती बाजूला उभी राहून बघते.

नको ते स्वर मात्र मरता मरत नाहीत. गज उचलला की फिडल गप्प होतं. हार्पच्या खालच्या तारा एकदा छेडल्या की कुणी विचारो न विचारो, बोलतच राहतात, आणि तीन स्वर मागे राहिलेली चाल पुढच्या स्वरांत मिसळून सगळी खिचडी होते. त्यामुळे निम्मं काम तळव्यांचं. वाजवायचं बोटांनी, दाबायचं तळव्यांनी.

त्यापेक्षा अवघड म्हणजे सवयी सोडणं. हार्प शिकताना पहिल्यांदा काय येतं, तर तारांवरून बोटं भर्रकन फिरवून धबधबा पाडणं. लोकांनाही तेच हवं असतं. या चालींत त्याला जागाच नाही. डाव्या हातानं भरघोस कॉर्ड द्यायची सोयही नाही, कारण जुन्या फिडलवाल्यांचा गांधार बरेचदा शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कुठेतरी लागतो. हार्पच्या तारेचा स्वर चढवणारं लिव्हर एक तर वर असतं किंवा खाली; मधल्या जागेवर ते राहत नाही. मग त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे डाव्या हातानं नुसतं सा-प धरायचं आणि गांधाराबद्दल मौन पाळायचं. ‘ओल्ड जो क्लार्क’ त्या मानानं गुणी चाल. सगळे स्वर शुद्ध, निषाद तेवढा कोमल. आपला खमाज थाट. सांगलीत शिकलेलं असं व्हर्जिनियात कामाला येतं.

हार्पला या चालींचा विटाळ अगदीच नवा नाही, हे मी आईला सांगते. केंटकीतल्या विल्यम स्टेप नावाच्या फिडलवाल्यानं 1937 साली अ‍ॅलन लोमॅक्सच्या ध्वनिमुद्रण यंत्रासमोर ‘बोनापार्ट्‌स रिट्रीट’ वाजवलं. इतर लोक ते संथ वाजवत, सैन्याच्या माघारीला शोभेल असं. स्टेपनं ते असं दौडवलं की नेपोलियन पळत सुटला असावा. रूथ क्रॉफर्ड सीगरनं त्याचं स्वरलेखन केलं, ते पुस्तकात छापलं गेलं, आणि एरन कोपलंडनं 1942 सालच्या ‘रोडिओ’ या बॅलेत ती चाल जवळजवळ जशीच्या तशी उचलली. त्या वाद्यवृंदात हार्पही आहे. म्हणजे दोघांची ओळख झालेलीच होती. फक्त ती थिएटरात झाली, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत असताना.

इथे, एखाद्याच्या घरी रात्री जमणाऱ्या बैठकीत, इस्त्रीचा प्रश्न येत नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या टोस्ट गावच्या टॉमी जॅरेल या फिडलवाल्यानं नोकरीभर रस्ते सपाट करणारा ग्रेडर चालवला. निवृत्तीनंतर दूरदूरची पोरं त्याच्या घरी येऊन राहायची, जेवायची आणि ऐकून ऐकून शिकायची. 1982 साली देशानं पहिल्यांदा नॅशनल हेरिटेज फेलोशिप दिल्या, त्यांत तो होता. अजूनही हे संगीत बहुतेक असंच शिकतात. गोल करून बसायचं, सगळ्यांनी एकच चाल एकत्र वाजवायची, दोन भाग, प्रत्येक दोनदा, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकट्यानं पुढे येऊन कौशल्य दाखवण्याची वेळ कुणावरच येत नाही. ज्यानं चाल सुरू केली त्यानं पाय वर उचलला की ही शेवटची फेरी, एवढंच समजायचं. बँजोच्या शेजारी बसले की माझी हार्प मलाच जेमतेम ऐकू येते. हॉटेलात तिच्याकडे सगळे बघतात आणि कुणी ऐकत नाही. इथे कुणी बघतही नाही, पण एक फेरी चुकली तर शेजारचा मान वळवतो.

हार्पवाले अर्धं आयुष्य वाद्य लावण्यात घालवतात, हा विनोद संगीतवाल्यांत जुना आहे. पण ए पट्टी सोडून डी घ्यायची ठरली की फिडलवाले खुंट्या पिळू लागतात, बँजोवाले तारा दाबून धरणारा कॅपो काढून कान लावून बसतात, आणि दहा मिनिटं खोलीत नुसती कुरकुर चालते. मला फक्त जी-च्या तारांची लिव्हरं खाली पाडायची असतात. ती पडली की मी हात मांडीवर ठेवते, चेहरा शक्य तितका निरागस करते आणि विचारते, “झालं का तुमचं?”