तीन टिंबांचा कारभार

नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर विदर्भातल्या पिढ्या सी शिकल्या. शेजारच्या भंडाऱ्यात तर हे पुस्तक घरचंच. पण पुस्तकासोबत लॅबमधला टर्बो सीही अंगात मुरला. निळा पडदा, १६ बिटांचा इंट आणि तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न: एकाच प्रिंटएफमध्ये ‘आय’ दोनदा वाढवला, उत्तर काय?

उत्तर सगळ्यांना पाठ. सी भाषेच्या लेखी मात्र त्याला उत्तरच नाही.

मग मार्क कशाचे दिले?

त्या प्रश्नातल्या प्रिंटएफच्याच व्याख्येत शेवटी तीन टिंबं असतात. म्हणजे पुढे कितीही, काहीही येऊ दे. कारभार धान खरेदी केंद्रावरच्या बाबूसारखा: चिठ्ठीवर लिहिलं तेवढं उचलायचं, पोत्यात धान की कोंडा ते बघायचं नाही. पर्सेंट-डी लिहून डबल पाठवा. तक्रार नाही, आकडा मात्र भलताच.

जुन्या ३२ बिटांच्या इंटेलवर सगळे आर्ग्युमेंट स्टॅकवर ओळीने बसत. हुशारांनी पहिल्याचा पत्ता घेतला, पॉइंटर पुढे ढकलला आणि त्यालाच सी समजले.

६४ बिट आले, रांग मोडली. लिनक्सवर पहिल्या सहा जागा पूर्णांकांना आणि पत्त्यांना, त्याही रजिस्टरमध्ये. डबलसाठी आठ वेगळ्या. उरलेले स्टॅकवर. त्याच चिपवर विंडोज टाकलं की रजिस्टर चारच!

खिशातला मोबाइल बहुधा एआरएमचा. अँड्रॉइडवर पूर्णांकांना आठ रजिस्टर. ॲपलच्या एआरएमवर मात्र टिंबांतले सगळे पुन्हा स्टॅकवर. चारचौघांसारखं वागलं तर ते ॲपल कसलं?

टिंबांतल्या आर्ग्युमेंटची यादी म्हणजे व्हीए-लिस्ट. एकदा व्हीप्रिंटएफला दिलेली ही यादी पुन्हा त्यालाच द्या. ३२ बिटांच्या इंटेलवर बिनबोभाट चालून जातं. ६४ बिटांच्या लिनक्सवर भलतंच छापलं जातं, नाहीतर प्रोग्रॅम आडवा. यादीची प्रत काढणारी व्हीए-कॉपी १९९९च्या सीपासून आहे, पण ती परीक्षेला येत नाही ना!

एक्झेकएललाही तीच टिंबं; तिथे शेवटी नल पॉइंटरऐवजी नुसतं शून्य लिहिणारे तर थोरच. ६४ बिटांच्या लिनक्सवर इंट ३२ बिटांचा, पॉइंटर ६४ बिटांचा. वरचे ३२ बिट कोणाच्या भरवशावर?

चिपही बदलत राहतात. पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटरवर उभारला, परम ९००० स्पार्कवर, परम पद्म पॉवर-४ वर. स्टॅकवरून पॉइंटर ढकलणारा तिथे किती दिवस टिकला असता?

कुठल्या चिपवर काय कुठे ठेवायचं, ते १९८९च्या प्रमाणित सीने स्टडार्ग हेडरकडे सोपवलं. पर्सेंट-डीची चूक तर जीसीसी कंपायलर आधीच ओरडून सांगतो, इशारे चालू ठेवले तर.

ते पहिल्याच दिवशी बंद होतात. प्रोग्रॅम चालतोय ना, बस्स!