आठ नंबरचा गडी

रग्बी लीगच्या संघात तेरा गडी असतात. चेंडू हातात आला की त्यातल्या अकरा जणांना मोकळी जागा दिसते. उरलेल्या दोघांना माणसं दिसतात आणि ते बरोबर त्यांच्यातच जाऊन आदळतात. पाठीवर ८ आणि १० आकडे मिरवणारे हे दोघे म्हणजे प्रॉप.

सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामॅटात संसार थाटलेल्या मराठी माणसाला ही जात ओळखायला शिकावंच लागतं. शेजारच्या हॅरिस पार्कात डोसा खाऊन बाहेर पडावं, तर निळ्यापिवळ्या जर्सी घातलेली गर्दी स्टेडियमकडे निघालेली असते. (आमच्या पॅरामॅटाने १९८६ नंतर विजेतेपद पाहिलेलं नाही. धीर धरण्याबद्दल आम्हाला कुणी शिकवू नये.)

खेळ कळायला सोपा. सहा वेळा पकडले जाईपर्यंत चेंडू तुमचा. पकडलं की उठायचं, पायाने चेंडू मागे सारायचा, पुन्हा सुरू. दर वेळी बचाववाले दहा मीटर मागे हटतात आणि तिथून धावत अंगावर येतात. त्या दहा मीटरांत जो सुखाने शिरतो तो प्रॉप. कबड्डीतला चढाईवाला निदान हात लावून परत यायच्या इराद्याने तरी जातो. हा पकडला जायलाच जातो. तिघे अंगावर, नाक गवतात, कमाई आठ मीटर. उठून पुन्हा रांगेत. त्या आठ-आठ मीटरांच्या भांडवलावर शेवटी एखादा सडपातळ विंगर कोपऱ्यात सूर मारून ट्रायचे चार गुण घेतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो विंगरचा.

याचं त्याला काही वाटत नाही. त्याची वृत्तीच रोजंदारीवरच्या माणसाची, आणि खेळाची कुळकथाही तीच. उत्तर इंग्लंडातल्या खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळाडूंचा शनिवारच्या सामन्यापायी कामाचा खाडा व्हायचा. बुडालेला रोज भरून द्या, असं तिकडच्या क्लबांचं म्हणणं. खेळाचे पैसे घेणं सभ्य गृहस्थाला शोभत नाही, असं ज्यांना रोज बुडण्याची भीती नव्हती त्यांचं म्हणणं. १८९५ साली हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बैठक झाली, बावीस क्लब वेगळे निघाले आणि हा खेळ मार्गाला लागला. प्रॉप अजून त्याच हजेरीपटावर आहे.

दुखणं हा शब्द मात्र त्याच्या कोशात नाही. ‘जरा आखडलंय’ म्हणजे स्नायू फाटलाय. ‘थोडं जाणवतंय’ म्हणजे हाड मोडलंय. यात दोष त्याच्या पूर्वजांचा. १९५८ साली ब्रिस्बेनला ब्रिटनचा कर्णधार अ‍ॅलन प्रेस्कॉट सुरुवातीलाच हात मोडून घेऊन सामना संपेपर्यंत खेळला. बदली खेळाडू तेव्हा मिळतच नसे. १९७० च्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीच्या जॉन सॅटलरचा जबडा पहिल्या काही मिनिटांत तुटला. तो शेवटपर्यंत खेळला, जिंकला आणि त्याच जबड्याने भाषणही केलं. दोघेही प्रॉप. अशा घराण्यात जन्मल्यावर करंगळी मुरगळली म्हणून बाहेर कोण बसणार? आता डोक्याला मार लागला की तपासणीसाठी मैदान सोडावंच लागतं. नियम शहाणपणाचा आहे, पण आत जाताना आमच्या गड्याचा चेहरा बिनतिकीट पकडलेल्या प्रवाशासारखा होतो.

सामना संपल्यावर त्याला टीव्हीवर बघावं. कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, भुवईवर व्हॅसलीनचा थर, माऊथगार्ड मोज्यात खोचलेलं. बोटांवरची पट्टी दातांनी सोडवत तो सांगतो, पोरांनी जीव तोडला, सगळं श्रेय पोरांना, आता पुढच्या आठवड्याचं बघायचं. संघ जिंकला की हरला, हे या उत्तरावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

एकाच गोष्टीची त्याला खरी धास्ती. अख्ख्या हंगामात ज्याने एकही ट्राय केला नाही, त्याने हंगाम संपल्यावर दिगंबर अवस्थेत धाव घ्यायची, असा ऑस्ट्रेलियातल्या संघांचा जुना खाक्या. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की एरवी निःस्वार्थी असलेला हा माणूस गोलरेषेजवळ चेंडू मागायला लागतो. आयुष्यात कधी न मारलेली बगल मारू पाहतो. सहकारी मुद्दाम दुसरीकडे पास देतात.

तिशी ओलांडली की एजंट इंग्लंडचं नाव काढतो. तिथल्या सुपर लीगमध्ये दोन वर्षं, पैसा बरा, चिखल फुकट. नशीब जोरावर असेल तर पर्पिन्यां. दक्षिण फ्रान्समधल्या या शहराचा संघ २००६ पासून त्याच लीगमध्ये खेळतो. ऊन आहे, वाइन आहे. बायको फ्रेंच शिकते, मुलं फ्रेंचमध्ये भांडतात, हा मात्र बर्फाची पिशवी कशी मागायची तेवढंच शिकून परततो.

परतल्यावर शनिवारी सकाळी आठ वर्षांखालच्या पोरांना शिकवायला उभा राहतो. गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, म्हणून त्याच्या बुटांच्या नाड्या पोरंच बांधून देतात. परवा एका चिमुरड्याने चेंडू घेतला, समोरच्या घोळक्याला वळसा घातला आणि अर्धं मैदान पळून ट्राय केला. आयाबापांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आमचा प्रॉप लंगडत त्याच्यापर्यंत गेला.

“समोर चार जण उभे होते ना रे?”

“हो.”

“मग जागा दिसली म्हणून असं निघून जायचं?”